तांबड्या पायांचा मान

आमच्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला नाही, ह्यांच्या तळपायांनी काढला. वैशाखातल्या सगळ्या तारखा नवरदेवाकडून नामंजूर झाल्या आणि शेवटी मार्गशीर्षातल्या कडाक्याच्या थंडीत आम्हाला बोहल्यावर चढवलं. तरीही होमाजवळ बसल्यावर हे घामाघूम होऊन ओठ चावत होते. माझ्या मावशीची खात्री पटली की मुलाचं दुसरीकडे कुठेतरी जमलेलं असणार. घरी आल्यावर पाहते तर नवरदेव मोरीत, टपातल्या गार पाण्यात पाय सोडून बसलेला, आणि मला पाहताच चोरी पकडल्यासारखा उठून उभा राहिलेला.

ह्यांचं नाव धैर्यशील पुकळे. नावाप्रमाणे माणूस असावा असा आग्रह धरायचा नाही हे मी लवकरच शिकले. पण ह्या एका बाबतीत मला ह्यांच्यापुढे हात टेकावे लागले. पायांना जरा ऊब लागली, मोजे म्हणा, गोधडी म्हणा, उन्हातली चार पावलं म्हणा, की तळवे लालबुंद होत, हाताला जाणवेल इतके तापत आणि आतून उकळतं तेल ओतल्यासारखी आग सुरू होई. ह्यांनी तोंडातून कधी ब्र काढला नाही. दाराची घंटा वाजली की टप कॉटखाली जायचा आणि हे पाहुण्यांसमोर हसत बसायचे. नोकरीसुद्धा शोधली ती तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. लोक कामावरून घरी विसाव्याला येतात, आमचे हे घरून कामावर विसाव्याला जायचे.

गावी मात्र ह्याच पायांना मान होता. हिंगणवाडी हे आमचं माणदेशातलं गाव. इंगळाईच्या जत्रेत देवळासमोर लांब चर खणून त्यात निखारे पसरतात आणि त्यावरून पहिलं चालायचं ते पुकळ्यांनी. पुकळ्यांतही वाटेल त्यानं नाही, ज्याचे पाय तांबडे असतील त्यानंच. पिढीत एखादा तरी तांबडपाया निघतोच. ज्याचे पाय रोजचेच जळतात त्याला इंगळाची काय मातब्बरी, असा विचार कोण्या काळी गावानं केला असणार. देवीनं शिवलेले पाय म्हणत. माझे सासरे, आबा, दरवर्षी चालायचे आणि नंतर कितीतरी दिवस खोलीचं दार लावून पडून राहायचे. अंगात देवी आहे म्हणून कोणी आत जायचं नाही. आतून कण्हण्याचा आवाज यायचा तो ह्यांनी लहानपणी दाराला कान लावून ऐकलेला. स्वतःची पाळी येणार असं दिसताच हे तासगावला पळाले. थोरले भाऊ जयसिंगदादा गावीच राहिले. त्यांनी आबांना सांभाळलं, घर सांभाळलं, पण त्यांचे पाय तुमच्या-माझ्यासारखे साधे, त्यामुळे मान काही त्यांच्याकडे आला नाही.

पुण्याच्या डॉ. मुजावरबाईंनी पहिल्यांदा ह्या दुखण्याला नाव दिलं. त्याआधी कोणी युरिक ॲसिड म्हणालं, कोणी जीवनसत्त्वं, कोणी तळव्यांना मेंदी लावा म्हणालं, आणि एकानं तर माझ्याकडे पाहत सगळं मनाचं आहे असं सांगितलं. बाई म्हणाल्या, एरिथ्रोमेलाल्जिया. आम्ही दोघं परतीच्या वाटेवर ते नाव पाठ करत होतो. पत्रिकेत बसलेला एखादा नवा ग्रह असावा असं ते वाटत होतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, तेव्हा वर्गात सांगावं तसंच सांगते. वेदनेच्या नसा म्हणजे निरोप नेणाऱ्या तारा. त्यांच्या पेशींच्या आवरणात अतिशय बारीक दारं असतात. चटका बसला की दारं उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात, विजेचा झटका तयार होतो आणि निरोप मेंदूकडे धावतो. हे दार कसं घडवायचं याची कृती ज्या जनुकात असते, त्यात पुकळ्यांच्या घरात एका अक्षराची चूक आहे. त्यामुळे दार नुसत्या धक्क्यानं उघडतं आणि उघडलं की लवकर मिटत नाही. गोधडीची ऊब लागली तरी नस मेंदूला कळवते की पाय आगीत आहे. निरोप खोटा असतो, वेदना खरी असते. आणि ही चूक आईबापांपैकी एकाकडे असली की प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. क्वचित एखाद्यात ती दबून राहते, त्याचे पाय साधेच असतात, पण त्याच्या मुलांत ती उतरू शकते.

बाईंकडे त्यावर नवा उपाय होता. एका शेवाळात उजेड ओळखणारं प्रथिन असतं. त्याचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवायचं आणि सुईनं घोट्याजवळच्या नसांत सोडायचं. काही आठवड्यांत नसा ते प्रथिन स्वतःच बनवू लागतात. मग घोट्याला पट्टा बांधायचा. पट्ट्याचा नारिंगी उजेड कातडीतून आत झिरपतो, प्रथिन जागं होतं आणि नस गप्प बसते. उजेड कमीजास्त करायला पट्ट्यावर फिरकी असते.

"फिरकी अर्ध्याच्या पुढे न्यायची नाही," बाईंनी बजावलं. "पूर्ण उजेडात पाय तुमचा उरत नाही, नुसता जोडलेला असतो."

सुई लागू पडली. पट्टा बांधला त्या दिवशी ह्यांनी बाजारातून लोकरीचे मोजे आणले आणि मे महिन्यात ते घालून घरभर हिंडले. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. कोणी विचारलं तर मात्र हे म्हणायचे, सुईनं जरा आराम आहे. पायात यंत्र बांधून फिरतो हे सांगायची ह्यांना लाज वाटायची. दादांनासुद्धा सुईचं ठाऊक होतं, पट्ट्याचं नव्हतं.

आबा गेल्यावर मान तसाच पडून होता. पुढच्या जत्रेआधी दादांचा फोन आला. "धैर्या, गुरव निखाऱ्यावर नुसता नारळ ओवाळतो. गाव हसतंय आपल्याला. तुझ्या पायात हाय म्हणून म्हणतो. माझ्या असतं तर मी कवाच चाललो असतो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर पळपुटा म्हणून मान खाली घालणारा माणूस, त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी चमकलं होतं. आणि मी, विज्ञानाची बाई, म्हणाले, "पट्टा आहे की."

वर मी शास्त्रही सांगितलं. निखाऱ्यावर राख असते, लाकडाचा कोळसा आणि राख उष्णता सावकाश देतात, पाय पटापट उचलले तर कोणीही भाजत नाही. पटापट हा शब्द मी उच्चारला होता. पण पाय पटापट उचलायला माणसाला लावतं कोण, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

जत्रेच्या दिवशी मानकऱ्याच्या पायात चांदीचे तोडे घालतात. तोड्यांखाली पट्टे दिसू नयेत म्हणून घोट्यांना हळदीचं फडकं गुंडाळलं, तेही मीच. ह्यांनी फिरकी पूर्ण फिरवली. सूर्य मावळताना हातात देवीची काठी घेऊन हे चरात उतरले आणि चालू लागले. सावकाश. ओल्या शेताच्या बांधावरून जावं तसे. आबा धावत जायचे, आबांचे वडीलही धावत जायचे. असं चालणं गावानं पाहिलं नव्हतं. चांगभलंचा गजर उठला, आणि चराच्या त्या टोकाला दादा धाकट्या भावाच्या पायांवर डोकं ठेवून रडले.

घरात आल्यावर शहाबादी फरशीवर ओली पावलं उमटलेली मला दिसली. मला वाटलं हळदीचं पाणी असेल. तळवे पाहिले तर कातडी सुटून लोंबत होती, आणि हे माझ्याकडे बघून विचारत होते, काय झालं?

रातोरात, कोणाला न सांगता आम्ही पुणं गाठलं. डॉ. मुजावर रागावल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट, त्या थकून खुर्चीत बसल्या. "वेदना कमी करायला दिलं होतं मी. ती घालवायला नव्हतं दिलं. निखाऱ्यावर माणसाला वाचवते ती वेदनाच."

ह्यांना अंथरुणातून उठायला पावसाळा उजाडला. पण तोवर कोणीतरी काढलेलं चित्रण गावोगावच्या फोनवर पोचलं होतं. तासगावच्या आमच्या फ्लॅटवर माणसं येऊ लागली. कोणाचे गुडघे, कोणाचं मूलबाळ, कोणाचा कोर्टातला खटला. बँडेजात गुंडाळलेल्या पायांना हात लावून जायची. बँडेज कशाला असं कोणी विचारलं नाही, देवीनं ठेवलेल्या खुणा म्हणून त्याचंही दर्शन घेतलं. बायका माझी ओटी भरायच्या. पहिल्या दोघी-तिघींना मी नको म्हणाले. नंतर खणांनी कपाट भरलं. खोटं सांगायचं नाही, मला ते आवडत होतं, आणि आवडतंय हे कळलं की कपाट उघडायचीही लाज वाटायची.

शाळेत नववीतल्या एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, सरांचे पाय भाजले कसे नाहीत?" उष्णतेचं वहन हाच धडा चालू होता. मी म्हणाले, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी मी पुढचा धडा घेतला.

"सांगून टाकायचं का गं?" हे अधूनमधून विचारायचे.

"सांगू सावकाश," मी म्हणायचे. सावकाशीनं एक वर्ष गेलं.

आणि मग ओवीचं निघालं. ओवी ही जयसिंगदादांची एकुलती एक मुलगी. तिचे पाय पाचव्या-सहाव्या वर्षीच तांबडे व्हायला लागले होते. ह्यांना गुण आला तेव्हाच आम्ही दादांना विचारून तिचं नाव डॉ. मुजावरांच्या मुलांच्या तुकडीत घातलं होतं. मुलं मोठी होऊ लागली की शरीर तो विषाणू ओळखून हाकलून लावायला शिकतं, त्यामुळे सुई तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आत बसली पाहिजे. ह्यांच्यासारखा मोठेपणी सुई लागू पडणारा विरळाच. ओवीला तेरावं लागलं होतं. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याला जायचं ठरलं होतं. जत्रेच्या तोंडावर दादांचा फोन आला.

"पुण्याचं नाव काढून टाक. सुईबिई काय नको पोरीला. तुला देवीनं बरं केलं, तिला बी करंल. यंदा ती तुझ्या मागनं चालणार. गावात सांगून टाकलंय मी."

हे फोन हातात धरून नुसते हूं हूं करत राहिले. ठेवल्यावर म्हणाले, "तोंडावर सांगतो. फोनवर नाही जमत."

त्या वर्षी दुपारी बाहेर पडायला सरकारी बंदी होती, इतका उन्हाळा होता. आम्ही जत्रेच्या दिवशी सकाळीच गाव गाठलं. ओवी दारात आली, पाया पडली आणि लगेच परकर खाली ओढून घेतला. मला ते काही ठीक वाटलं नाही. मोरीत नेऊन मी तिचे पाय धुवायला घेतले. तळव्यांवर जुने-नवे फोड होते, एका टाचेला जखम चिघळलेली होती.

"हे कशानं गं?"

"सराव करतीया," ती म्हणाली. "दुपारी गच्चीत उभी ऱ्हाती. गार पाणी बी सोडलंय मी काकू. पाण्यात पाय घातलं की देवीला वाटंल हिचा विश्वासच न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका निखाऱ्यावर हळूहळू चाललं. मला फरशीवर बी उभं ऱ्हावत न्हाई. माझ्यातच कायतरी खोट आसंल."

मी तिच्या पायांवर पाणी घालत राहिले. वर बघायची माझी हिंमत झाली नाही. एका लेकरानं स्वतःला भाजून घेतलं होतं, आणि ते आम्ही शिकवलं होतं. फडकं गुंडाळणारे हात माझेच होते आणि तेच हात आता ती जखम धूत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या मोरीत कळलं.

बाहेर येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे उठले आणि गोठ्यामागे दादांकडे गेले. मी भिंतीला टेकून उभी राहिले, ऐकू येत होतं.

ह्यांनी धोतर वर करून पट्टा दाखवला. दादांनी वाकून पट्ट्याला बोट लावून पाहिलं.

"म्हंजी देवी न्हाईच कुठं?"

"देवीचं मला ठावं न्हाई दादा. पर गेल्या साली चरात ती नव्हती, ह्यो पट्टा होता."

"मग पोरीच्या पायात बी बांध आज. चालू दे. उद्याचं उद्या बगू."

"सुई टोचल्याबिगर पट्ट्याचा काय उपेग न्हाई. नुसता दिवा हाय त्यो."

"तर मग गप बस." दादांचा आवाज फुटला. "थोरला मी. पर आबांनी जलमात माझ्या पायाकडं बघितलं न्हाई. सारखं धैर्याचं पाय, धैर्याचं पाय. तू पळून गेलास तरी तुझंच पाय. आता कुठं माझ्या घरात मान आला पोरीच्या पायानं, आन तू म्हणतोस त्यो रोग हाय. गावात तोंड कुठं घालू मी?"

देवळाकडे ढोल वाजायला लागला होता. दादा डोळे पुसून घरात गेले आणि ओवीच्या पायांना हळद लावायला सांगितली.

मी ओवीला घेऊन गुपचूप निघून जाऊ म्हणाले. हे म्हणाले, "गेल्या वेळी पण गुपचूपच निघालो होतो गं आपण."

संध्याकाळी चराभोवती सगळं गाव जमलं होतं. वारा सुटला की निखाऱ्यांवरची राख उडून खालचा लालपणा दिसायचा. ह्यांच्या हातात काठी, मागे ओवी, हळदीनं पिवळे झालेले पाय आणि आवळलेली मूठ. दादा पलीकडच्या टोकाला उभे होते. गुरवानं नारळ फोडला आणि वाट मोकळी केली.

हे चरात उतरले नाहीत. खाली बसले. तोडे काढले, घोट्यांची फडकी सोडली. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात तो नारिंगी प्रकाश सगळ्यांना दिसला. दोन्ही पट्टे सोडून ह्यांनी जमिनीवर ठेवले.

"ह्ये यंत्र हाय," हे म्हणाले. ह्यांना चार माणसांत बोलायची सवय नाही, आवाज मध्येच जात होता. "ह्यानं पाय मेल्यागत होतो. गेल्या साली मी ह्ये बांधून चाललो. भाजलो, मला कळलं न्हाई. तुमी पाया पडलासा, मी पडू दिलं. त्याची मला लाज वाटती. आमच्या पायाला देवी शिवलेली न्हाई. रोग हाय. माझ्या आबाला होता, मला हाय, आन ह्या पोरीला हाय."

कोणीतरी मागे हसलं. कोणीतरी म्हणालं, वर्षभर नारळ खाल्लंत की आमचं. खरंच होतं ते. मी पुढे होऊन म्हणाले की फडकी मी बांधली होती. माझी ओटी भरलेल्या बायका समोरच बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीनं पदर डोक्यावरून पुढे ओढून तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि पट्टे सुटल्यामुळे ह्यांचे पाय आता जागे झाले होते. चराची धग जवळ होती. हळद नव्हती तिथे बोटं आधी गुलाबी झाली, मग लाल झाली, मग घोट्यापर्यंत लाली चढत गेली. ह्यांनी काठी आवळून धरली. मग ह्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. लग्नापासून आजवर मी तो ऐकला नव्हता. खोलीच्या बंद दाराआडून ह्यांनी तो ऐकला होता.

ओवी वाकून बघत होती.

"काका, तुमचं बी जळतंय?"

"व्हय गं."

"अजून?"

"अजून. रोज जळतं. पट्टा काडला की जळतं."

ती ह्यांच्या पायांकडे पाहत राहिली, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "म्हंजी माझं काय चुकत न्हाई?"

"तुझं काय चुकत न्हाई, बाळा. चुकलं ते माझं."

ओवी खाली बसली आणि रडायला लागली. मुसमुसत नाही, भोकाड पसरून, चार वर्षांच्या पोरीसारखी, सगळ्या गावासमोर. पुकळ्यांच्या घरात तांबड्या पायांचं माणूस असं मोठ्यानं रडलेलं कोणी ऐकलं नसेल. ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला. कोणी हसत नव्हतं.

जयसिंगदादा पलीकडच्या टोकाहून चराला वळसा घालून आले. ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मला वाटलं, आता मुलीला ओढून उभी करतील. त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि आगीपासून लांब, देवळाच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. स्वतः खाली बसले. डोक्याचा पटका सोडून त्याच्या टोकानं तिच्या तळव्यांची हळद पुसली. फोड दिसले तसे त्यांचे हात थांबले. ह्या मुलीचे पाय त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितले असावेत.

त्यांनी मान वर केली नाही. खाली बघतच विचारलं, "लई जळतं का गं?"

ओवीनं नाक पुसलं.

"व्हय, पप्पा," ती म्हणाली. "लई."